तुडूम उघडण्याआधी

शेजारच्या मंदाबाईंनी एकदा गॅलरीतून विचारलं, "काय लिहून राह्यल्या बाई? नातवाचा अभ्यास का?" मी म्हटलं, "नाही हो, मशीनसाठी लिहिते. कोणतं काम कधी करायचं आणि कधी करायचं नाही, ते." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे नव्या सुनेले सांगता तसं." मी माझं काम पुष्कळ शिकल्यासवरलेल्या लोकांना समजावून पाहिलं आहे, पण मंदाबाईंच्या पुढे अजून मला जाता आलेलं नाही.

माझी सगळी नोकरी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत गेली. आधी वरोऱ्याला, शेवटची वर्षं चामोर्शीला. खिडकीला गज आणि गजांपलीकडे सतत कोणाचं तरी घामेजलेलं तोंड. "धानोऱ्याची गाडी कधी?" म्हणून लोक विचारायचे. सुरुवातीला मी वेळ सांगायची. वेळ ऐकून माणूस तिथंच उभा राहायचा, कारण त्याला हवं असायचं ते मी सांगितलेलंच नसायचं. जेवून यायला वेळ आहे का, बाजारातून औषध आणता येईल का, म्हातारीला पलीकडे बसवून येता येईल का, हे त्याच्या मनात असायचं. मग मी सांगायला लागले, "चाय होते, जेवण नाई होत." माणूस मान हलवून खुशीत निघून जायचा. आमचे साहेब चिडायचे. "बाई, ही चौकशी आहे, खानावळ नाही," असं एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. पण गाडी चुकली म्हणून खिडकीशी भांडायला येणारे कमी झाले होते, आणि ते साहेबांनाही दिसत होतं.

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत नागपूरहून वैशालीचा फोन आला. ही माझ्या भावाची मुलगी. "जयभीम आत्या. रिकामी आहेस ना? तुझ्याजोगं काम आहे." तिने आणि तिच्या दोन मित्रांनी वरोऱ्याकडच्या आणि चामोर्शीकडच्या, अशा आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या गावतलावांसाठी एक फोन नंबर सुरू केला होता. शेतकऱ्याने नंबर लावायचा, पलीकडून मशीन आपल्या बोलीत बोलणार आणि पाण्याची कामं करून देणार. त्या मशीनला ते एजंट म्हणतात. मला आधी खासगी बसची तिकिटं फाडणारा माणूसच डोळ्यांसमोर आला.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हा एजंट बोलतो छान, पण त्याला हातपाय नाहीत. बाहेर काही करायचं तर त्याला साधनं दिलेली असतात. एक साधन तलावाची पातळी पाहतं. दुसरं आज पाण्याची पाळी कोणाची ते सांगतं. तिसरं पाणकराला, म्हणजे तलावाचं पाणी सोडणाऱ्या गावातल्या माणसाला, निरोप पाठवतं. एक तक्रार नोंदवतं. काहीच जमलं नाही तर शेवटचं साधन फोन जिवंत माणसाकडे देतं. प्रत्येक साधनासोबत थोड्या ओळींचं वर्णन असतं. शेतकरी बोलला की एजंट ती वर्णनं वाचून ठरवतो की आता कोणतं साधन उचलावं. त्याने तलाव पाहिलेला नाही, गाव पाहिलेलं नाही, चिखलात पाय घातलेला नाही. त्या ओळींत जे लिहिलेलं नसेल ते त्याला कळायला मार्ग नाही. त्या ओळी मी लिहिते.

मुलांनी आधी स्वतःच लिहून पाहिलं होतं. पातळीच्या साधनापुढे फक्त "जलाशयाची पातळी मिळवा" एवढंच. त्यामुळे एका शेतकऱ्याने "तलावात पाणी किती हाय?" विचारलं तेव्हा एजंटने त्याला मीटरमध्ये, दशांशासकट आकडा सांगितला. तो "हो का" म्हणाला, फोन ठेवला आणि सायकल काढून तलाव बघायला गेला. आमच्याकडच्या जुन्या तलावांत पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आतल्या बाजूला, पाण्यात, पायऱ्यापायऱ्यांचा एक दगडी खांब असतो. प्रत्येक पायरीला भोक आणि भोकात लाकडी खुंटी. त्याला तुडूम म्हणतात. खुंटी काढली की पाणी पाळीखालून नहरात, म्हणजे कालव्यात, जातं. पाणी कितव्या भोकावर आहे, हाच सगळ्या गावाचा हिशोब. मी लिहिलं: "हे साधन मीटरमध्ये आकडा देतं. शेतकऱ्याला आकडा सांगू नका. पाणी कितव्या भोकावर आहे आणि त्याच्या पाळीला पुरेल का, ते सांगा. माहिती कालची असेल तर कालची आहे हेही सांगा." वैशालीने वाचलं आणि हसायला लागली. "आत्या, हे तुझं चहा-जेवणच आहे." मी चांगली फुगले.

तक्रारीच्या साधनाने वेगळीच गंमत केली. वर्णनात होतं, "माणूस अडचण सांगत असेल तर वापरा." गोविंदाभाऊ नावाचे एक वयस्क शेतकरी रोज संध्याकाळी फोन लावायचे. एकटे राहतात, मुलगा दूर कारखान्यात. ते बोलायचे आणि एजंट इमानेइतबारे तक्रारी नोंदवायचा. मुलगा फोन करत नाही. एकट्याला जेवण जात नाही. मांजरीने दूध सांडलं. या सगळ्या तक्रारी तलाव समितीच्या सचिवाच्या फोनवर जाऊन पडत. सचिव नियमाचा पक्का. त्याने बैठकीत त्या जशाच्या तशा वाचून दाखवल्या. लोक पोट धरून हसले, आणि मग त्यांच्यातल्या एकाने तिथूनच गोविंदाभाऊंच्या मुलाला फोन लावला. पुढच्या रविवारी मुलगा घरी आला. मी वर्णन दुरुस्त केलं, तक्रार म्हणजे फक्त पाणी, नहर आणि तुडूम यांबद्दलची. दुरुस्ती बरोबर होती, पण मला वाईट वाटलं. मग शेवटच्या साधनात एक ओळ घातली: "माणूस एकटा वाटला आणि बोलत राहिला तर फोन माणसाकडे द्या." तो माणूस म्हणजे मीच. गोविंदाभाऊ आता मला मांजरीचं सांगतात.

एवढं सगळं चांगलं चाललेलं असताना ती माशांची गोष्ट घडली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून एकमेकांना त्यावरून चिडवतात. चामोर्शीपासून फार लांब नाही एवढं पुरे.

त्या गावच्या तलावातलं पाणी धानासाठी आणि मासे ढिवर मोहल्ल्यासाठी, म्हणजे मासेमारांच्या वस्तीसाठी, अशी जुनी रीत. अलीकडे मासेमारांची संस्था ढिली पडली होती आणि तलाव बाहेरच्या ठेकेदाराकडे गेला होता. मोहल्ल्यातले लोक आपल्याच तलावावर मजुरीने जाळं ओढत होते. तेव्हा सुगंधाबाई नावाच्या बाईने बायकांचा गट उभा केला आणि ग्रामसभेत तलाव मागितला. माणसं गालातल्या गालात हसली आणि म्हणाली, "पाहू द्या एक साल." ते एक साल नीट गेलं तर तलाव बायकांकडे राहणार, नाहीतर पुन्हा ठेकेदाराकडे. सुगंधाबाईने मृगात मासोळीचं बीज सोडलं. पिल्लं लहान होती तोवर बायका आळीपाळीने पाळीवर बसून बगळे हाकलत होत्या. आश्विनापर्यंत मासे वीतभर झाले होते.

पाऊस तोवर नीट होता, म्हणून त्या हंगामात तुडूम उघडायची वेळच आली नव्हती. आश्विनात धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, आणि शेवटचं पाणी हवं झालं. नामदेवभाऊ नावाच्या शेतकऱ्याने सकाळी घरातूनच फोन लावला. आमच्या एजंटने पातळी पाहिली, ठीक होती. पाळी पाहिली, नामदेवभाऊंचीच होती. मग पाणकर दादाजीभाऊंना निरोप पाठवला. मी लिहिलेल्या वर्णनात याहून जास्त काही मागितलेलं नव्हतं. दादाजीभाऊ तेव्हा तलावापलीकडे स्वतःच्या शेतात होते. फोन वाजला, ते शेतातलाच एक लांब बांबू घेऊन पाळीवरून सरळ तुडुमाशी आले आणि खुंटी ओढली. पाणी दिवसभर वाहिलं, आणि पाण्यासोबत मासे.

नहरातून मासे बांध्यांमध्ये शिरले. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं बांध घातलेलं वावर. बांधीत आलेला मासा बांधीवाल्याचा, हीही जुनीच रीत. दुपारपर्यंत अर्धं गाव टोपल्या घेऊन धानात वाकलं होतं.

सुगंधाबाईने आमचा नंबर लावला. तो संवाद मी नंतर ऐकला.

"माहे मासे कुठी गेले?"

"माफ करा, मासे शोधण्याचं साधन माझ्याकडे नाही. मी फोन माणसाकडे देतो."

"दे. जिवंत असन तर दे."

मग मी फोनवर आले. तिने आवाज चढवला नाही. "तुम्ही बाई आहा का? बरं झालं. आता मले सांगा, तुमच्या मशीननं आमचं साल काऊन नेलं?" खिडकीत बसून मी लोकांचे किती प्रश्न झेलले, पण हा खिडकीतून सुटणारा नव्हता. "उद्या येते," एवढंच म्हणाले.

जन्मभर दुसऱ्यांना गाडी सांगितली आणि त्या सकाळी फलाटावर मीच गोंधळून उभी होते. गावात पोचले तेव्हा समाजमंदिरात बैठक जमली होती. ठेकेदाराच्या बाजूचे दोघे-तिघे पुढे बसले होते आणि त्यांना घाई होती. सुगंधाबाई आणि तिच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मले निरोप आला, मी खुंटी काढली," दादाजीभाऊ म्हणाले. "माहं काय चुकलं?"

"मी तं फक्त फोन केला," नामदेवभाऊ म्हणाले.

वैशाली माझ्या फोनवर ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "आत्या, एजंटने आपण लिहिलं तेच केलं." तिघांचंही खरं होतं आणि मासे तर गेलेच होते.

"याच्या आधी मासे जात नव्हते का?" मी विचारलं.

"नाई जी," सुगंधाबाई म्हणाली. "तुडूम खोलाच्या आंधी आम्ही नहराच्या तोंडाले जाळं बांधतो."

"मग कायमचंच बांधून का नाही ठेवत?"

"शेवाळ अटकते ना, बाई. पाणी तुंबते. मंग हेच लोक आमच्या नावानं ओरडते."

"आणि तुडूम खोलणार हे तुम्हाला कोण सांगायचं?"

तिने दादाजीभाऊंकडे पाहिलं, दादाजीभाऊंनी नामदेवभाऊंकडे. सांगत कोणीच नव्हतं. गटाकडे तलाव येण्याच्या कितीतरी आधीपासून मोहल्ल्यातले लोक जाळं बांधत आले होते, पण त्यांना कळतं कसं, हे एकालाही सांगता येईना.

बसस्थानकावर एखाद्याचं सामान हरवलं की मी त्याला म्हणायची, बाबा, घरून निघाल्यापासून सांग. तेच इथं केलं. म्हटलं, "दादाजीभाऊ, फोन नव्हता तेव्हा काय करत होते ते मला आता करूनच दाखवा."

"करून काय दाखवू? नामदेवभाऊ माह्या घरी येत, मंग आम्ही दोघं तलावावर जात."

"तसंच चला."

लोक हसले, पण आम्ही निघालो. दादाजीभाऊंनी घरून बांबू खांद्यावर घेतला, नामदेवभाऊ पुढे चालू लागले, मागून मी आणि माझ्यामागे पुटपुटत सुगंधाबाई. दादाजीभाऊंचं घर गावाच्या एका टोकाला आणि तलाव दुसऱ्या. वाट बरोबर ढिवर मोहल्ल्यातून जाते. सुगंधाबाईच्या घरासमोर तिची सासू ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिला अंधुक दिसतं. तिने मान वर केली, बांबू पाहिला, लसूण बाजूला सारला, उठून खुंटीवरचं जाळं काढलं आणि घराकडे तोंड करून ओरडली, "सुगंधा, तुडूम खोलून राह्यले! जाळं ने!"

सुगंधाबाई माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात आपोआप जाळ्याकडे गेला. मग ती थबकली आणि आम्ही सगळेच थबकलो.

"अरे बापा," म्हणत नामदेवभाऊ तिथंच ओट्यावर बसले. "आम्ही तं इथी कधी काही सांगतलंच नाई."

"सांगाचं काय हाय त्याच्यात?" सासू म्हणाली. "बांबू दिसते ना."

खोटं कशाला बोलू, आनंद झाला, गावठी कुलपाची किल्ली सापडावी तसा. शेतकरी पाणकराला बोलवायला जाई, दोघं बांबू घेऊन मोहल्ल्यातून येत, आणि ते चालत येणं हाच निरोप असे. आमच्या फोनने नामदेवभाऊंची फेरी वाचवली आणि फेरीसोबत तो निरोपही बुडाला. या कामात मला अजूनही एकाच गोष्टीची धास्ती वाटते: अशा किती फेऱ्या आपण वाचवल्या असतील, कोण जाणे.

बैठकीत परत आलो. नामदेवभाऊंनी घडलेलं सांगितलं. ठेकेदाराच्या बाजूचा एक जण तरीही म्हणाला, "काही असो, मासे गेले ना? बायांच्यानं नाई झालं." आता गंमत अशी की आदल्या दिवसापासून गावात घरोघरी मासेच शिजत होते. समाजमंदिरात बसूनही फोडणीचा वास येत होता. त्या बोलणाऱ्याच्या मिशीलाच मसाला लागलेला आहे, असं भिंतीकडून एक बाई म्हणाली आणि सभा हसत सुटली. हसणं थांबल्यावर नामदेवभाऊ उभे राहिले. "माह्या बांधीत आले, मी खाल्ले. चांगले पोसले होते मासे. आता पोसणारीलेच दोष देऊ काय? अजून एक साल द्या बायाले." ज्यांच्या घरी मासे शिजले होते त्यांना फार बोलता येईना, आणि तसे बहुतेक सगळेच होते. बायकांना आणखी एक साल मिळालं.

सुगंधाबाई मला गाडीपर्यंत पोचवायला आली. "साल भेटलं," ती म्हणाली, "पण पुढच्या खेपी असं झालं तं कोणी हसन नाई, बाई. तलाव जाईन." ते मला कळत होतं.

घरी येऊन वर्णन लिहायला बसले. वैशालीचं म्हणणं, पाणकराला निरोप जाईल तेव्हाच बायकांनाही जाऊ दे, एका ओळीत काम होतं. मी ऐकलं नाही. निरोप गेला म्हणजे जाळं बांधलं असं होत नाही. ती म्हणाली, "आत्या, वर्णन फार लांबलं तर एजंट त्यात हरवतो." हे मात्र तिचं खरं होतं, लांबलचक सूचनांचा फलकही बसस्थानकावर कोणी वाचत नसे. म्हणून जागा करायला माझ्या आवडत्या ओळी मीच छाटल्या. शेतकऱ्याशी कसं गोड बोलावं याच्या फार छान ओळी होत्या, अजून हळहळ वाटते. मोहल्ल्याला फोन लावण्याचं एक नवं साधन मुलांनी करून दिलं, आणि पाणी सोडण्याच्या साधनाचं वर्णन शेवटी असं झालं:

"हे साधन पाणकराला तुडूम उघडायला सांगतं. उघडलेल्या तुडुमातून मासे वाहून जातात आणि परत आणता येत नाहीत. आधी मोहल्ल्याला फोन करा. जाळं बांधलं असं सुगंधाबाईने स्वतः सांगितल्यावरच हे साधन वापरा. फोन उचलला नाही किंवा उत्तर स्पष्ट नसेल तर वापरू नका. शेतकऱ्याला सांगा, मोहल्ल्यात जाऊन या."

यंदा धान निसवल्यावर सुगंधाबाईचा फोन आला. "बाई, या. तुमचं लिहिलेलं कसं चालते ते पाहा, आणि जेवूनच जा." मी गेले. सकाळी तिच्या ओट्यावर बसले होते. तेवढ्यात नामदेवभाऊ आले. त्यांना घरून फोन लावता आला असता, पण ते मोहल्ल्यात आले, सुगंधाबाईच्या ओट्यावर बसले, तिच्या सासूने दिलेला चहा बशीत ओतला आणि मग तिथून नंबर लावला. एजंट त्यांना म्हणाला, "थांबा, मोहल्ल्याला विचारतो." लगेच त्यांच्या शेजारीच सुगंधाबाईचा फोन वाजला.

"पाणी सोडायचं आहे. जाळं बांधलं का?"

"थांब," सुगंधाबाई म्हणाली.

एजंट थांबला. नहरावर फावडी घेऊन उभी असलेली माणसं थांबली. 'पाहू द्या एक साल' म्हणणारे त्यात होते, ते मला ओट्यावरून दिसत होते. पाळीवर दादाजीभाऊ बांबू टेकवून थांबले होते. ओळी माझ्या होत्या आणि तलाव तिचा होता. सुगंधाबाई उठली, फोन हातात धरून नहराच्या तोंडापर्यंत गेली. दोन बायका पाण्यात उतरून जाळ्याची खालची कड दगडाखाली दाबत होत्या. तिने एका बाजूची गाठ ओढून पाहिली. दुसऱ्या बाजूची ओढून पाहिली, सोडली आणि पुन्हा बांधली. कोणी तिला घाई केली नाही. नामदेवभाऊंनी बशी खाली ठेवली.

मग तिने पदर खोचला आणि फोन तोंडाजवळ नेला.

"हो, बांधलं. सोड आता."